पूर्वमुखी दुकानाचं पश्चिमेचं ऊन

वैशाखात वऱ्हाडात जायचं म्हटल्यावर पुण्याच्या ऑफिसात मला ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले, त्यांतलं कुणीही वैशाखात वऱ्हाडात गेलेलं नव्हतं. एकीनं छत्री दिली, एकानं ग्लुकोजचा पुडा दिला. आमच्या मॅडमनी दोन छोटे तापमापक हातात ठेवले आणि म्हणाल्या, "तिथले लोक कागदावर भुलत नाहीत. दाखवलंस तरच पटेल."

मी गुहागरची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे एकटीनं करायचं पहिलं काम मिळालं तेव्हा बाबांना फोन केला. बाबा पावसाळ्याआधी लोकांच्या ओट्यांना झाप बांधायचं काम करतात. माडाच्या झावळ्या विणून केलेली ती बाहेरची भिंत. पाऊस ओटीवर आला की पुसत बसण्यापेक्षा तो बाहेरच अडवावा, एवढं शास्त्र आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. मी बाबांना सांगितलं, की आमची कंपनी उन्हाचं तसंच करते. दुकानं, ऑफिसं यांच्या काचांच्या बाहेर पट्ट्या नाहीतर जाळ्या लावून ऊन काचेवर पडायच्या आधी अडवायचं. ऊन एकदा काचेतून आत आलं की ते बाहेर जात नाही, आणि मग त्याला हुसकायला विजेवर चालणारी यंत्रं आणावी लागतात.

बाबा म्हणाले, "म्हणजे झापच की."

"हो. पण अल्युमिनियमचे."

"बरं. सांभाळून जा."

चार वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची नोकरी त्यांनी अशी दोन शब्दांत गुंडाळली, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काहीच नव्हती.

अमरावती, मंगळवार

खरं काम अकोल्याला होतं. पण मॅडमनी आधी अमरावतीला उतरून कंपनीचं एक जुनं काम बघून यायला सांगितलं होतं. शिवाय अकोल्यात लावून दाखवायला एक बांबूचा तट्टा घ्यायचा होता. म्हणून सकाळीच विचारत विचारत बुरूड गल्ली गाठली.

तिथं एक आजी दारात बसून तट्टा विणत होत्या. मी माप सांगितलं. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "कायले पायजे?"

"खिडकीला लावायला."

"आतून का बाहेरून?"

"बाहेरून."

आता त्यांनी मान वर केली. "मंग शहाणी हायस. नाई तं लोकं आतून लावतात, अन् मंग मलेच विचारतात, का आजी, गरमी कायले होऊन राहिली."

हे वाक्य मी तिथंच वहीत लिहून घेतलं. कॉलेजात हेच समजावून सांगायला सरांना अख्खं सत्र लागलं होतं आणि त्यांनी बरेच आलेखही काढले होते. आजींना एक प्रश्न पुरला.

दुपारी एका गाडीवर गिला वडा खाल्ला. नावावरून मला वाटलं होतं, आमच्याकडच्या दहीवड्याचा भाऊ असेल. भाऊ आहे, पण तापट स्वभावाचा. डोळ्यांतून पाणी आल्यावर गाडीवाल्यानं आस्थेनं विचारलं, "तिखट कमी झालं का?"

चार वाजता, म्हणजे ऊन पश्चिमेला कलल्यावर, आमचं जुनं काम बघायला गेले. एका संस्थेचं दुमजली कार्यालय. पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर, भिंतीपासून हातभर अंतरावर, अल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या रांगेनं उभ्या. आत एक दांडा आहे, तो फिरवला की सगळ्या पट्ट्या एकदम वळतात. चित्रात फार देखण्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यावर तीन दुपट्टे, दोन टॉवेल आणि एक सतरंजी वाळत होती.

शेषराव नावाचे शिपाई दारात बसले होते. मी जरा दुखावल्या आवाजात म्हटलं, "ह्या पट्ट्या उन्हासाठी आहेत हो."

"ऊन पडते म्हणूनच तं वाळू घातलं न बाई."

आत गेले, काचेला तळहात लावला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि काच कोमट. एवढा आनंद झाला, की शेषरावांना म्हटलं, "किती छान वाटतंय ना इथं!"

"तेच तं वांधे हायेत," ते म्हणाले. "पहिले चार वाजता घामानं सारे जागे राहत. आता चार वाजले का अर्धं हापीस डुलक्या मारते. साहेब म्हणून राहिले, ह्या पट्ट्या काढूनच टाकतो."

मी घाबरले. कंपनीचं काम काढून टाकणार म्हणजे मोठीच गोष्ट. तडक साहेबांना समजावायला त्यांच्या खोलीत गेले. साहेब खुर्चीत मान टाकून शांत झोपले होते. मी आवाज न करता परत फिरले आणि अहवालात लिहिलं : "काम समाधानकारक."

अकोला, बुधवार

सहा फुटी तट्ट्याची गुंडाळी घेऊन एसटीत चढले. कंडक्टरनं गुंडाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीभर ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, मांडव घेऊन निघाली, नवरदेव कुठं हाय?"

सगळी गाडी हसली. आमच्याकडे अनोळखी बाईशी कुणी असं बोललं तर पुढचे दोन थांबे शांतता पसरेल. इथं शांततेला वावच नव्हता. तट्टा कुठला, केवढ्याचा, कुणाच्या खिडकीचा, त्या माणसाला अकोल्यात तट्टे मिळत नाहीत का, अशी चौकशी मूर्तिजापूरपर्यंत चालली. शेजारच्या आजोबांनी गुंडाळीचं एक टोक मांडीवर धरलं होतं. मूर्तिजापूरला उतरताना त्यांनी ते मागच्या बाकावरच्या माणसाच्या हातात दिलं आणि बजावलं, "पोट्टीचा तट्टा हाय, अकोल्यापर्यंत नीट न्या." तो माणूस बोरगावला उतरणार होता. माझा तट्टा उतरेपर्यंत तो आपल्यालाच धरावा लागेल, असं त्याला वाटलं असावं. तो चक्क अकोल्यापर्यंत आला. त्याला अकोल्यात काही काम होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

जठारपेठेतलं ते साड्यांचं दुकान शोधावं लागलं नाही. तीन मजली आणि समोरून सगळी काच. मालक प्रल्हादभाऊ पन्नाशीचे, अंगानं भरलेले, आवाज त्याहून भरलेला. मी चप्पल काढेपर्यंत त्यांनी पाणी, मग पन्हं, मग पुन्हा पाणी मागवलं होतं.

मी रस्त्यावर उभी राहून सूर्याकडे पाहिलं, मग दुकानाकडे. काहीतरी चुकत होतं. भाऊंनी फोनवर सांगितलं होतं, "दुकान पूर्वमुखी हाय." दुकान अकराला उघडतं, तोवर पूर्वेचं ऊन वर चढलेलं असतं, म्हणून मी खिडक्यांवर आडवे छज्जे काढून आणले होते. तीन नकाशे, रंगीत.

"भाऊ, दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे."

"पूर्वमुखी हाय."

"पण सूर्य..."

"या माझ्यासंगं."

त्यांनी मला गोदामातून, साड्यांच्या गठ्ठ्यांमधून मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथं एक बुटकं दार होतं. उंबऱ्यावर ताजं हळदकुंकू, वर तोरण. रोज सकाळी हे दार आधी उघडतं, दिवा लागतो, नमस्कार होतो आणि दार बंद होतं. बाहेर पूर्वेला गल्लीची भिंत.

"हे मुख्य दार," भाऊ म्हणाले. "ते समोरचं काचेचं गिऱ्हाइकाचं."

वास्तुशास्त्रात बसत असेल, पण सूर्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी नकाशे गुंडाळले आणि तट्ट्याच्या गुंडाळीत खुपसून ठेवले. मॅडमना काय सांगायचं, ह्या विचारानं पन्हं गोड लागेना.

पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूनं दोन मोठ्या खिडक्या. आत जाड मरून पडदे. चार वाजता ते ओढून घेतले जात, आणि ज्या काचा साड्या दिसाव्यात म्हणून बसवल्या, त्यांतून फक्त मरून पडदा दिसे. मी पडद्याला हात लावला. इस्त्रीला लावल्यासारखा झाला. पडद्यापाशी एक पुतळा लाल शालू नेसून उभा होता. डावीकडून लाल, उजवीकडून गुलाबी.

"नवीन डिझाईन वाटतं," मी म्हटलं.

"उन्हानं केलेलं डिझाईन हाय ते," खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेल्या बाई म्हणाल्या. "तीन गिऱ्हाइकं मागून गेली."

ह्या वंदनाताई. मूळच्या मोर्शीच्या. अठरा वर्षं ह्याच कोपऱ्यात बसून साड्यांना फॉल-पिको करतात. साडी घेणारी प्रत्येक बाई शेवटी त्यांच्यापाशी येते. दुपारी तीन-साडेतीनला मात्र खिडकीजवळ बसवत नाही. मशीनचं लोखंड हाताला लागतं. मग त्या काम गुंडाळून घरी जातात आणि बायका साड्या तशाच घेऊन जातात.

भाऊंचा त्यावरचा तोडगा तयार होता. आहे ते जुनं वातानुकूलन यंत्र कुरकुरत होतं, म्हणून दोन नवी, मोठी. यंत्रवाला शनिवारी येऊन जागा पक्की करणार. यंत्रांची बाहेरची धुडं ठेवायला खिडकीबाहेरची गॅलरी लागणार, आणि गॅलरीचं दार नेमकं वंदनाताईंच्या मशीनच्या पाठीशी. म्हणजे मशीन खाली, जिन्याखालच्या खणात.

"थंडगार राहीन न त्या तिथं," भाऊ म्हणाले. "उन्हाची झंझटच नाई."

वंदनाताईंनी एक साडी उचलली, दोऱ्याची तीन रिळं तिच्यावर ठेवली आणि मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवलं. तिन्ही सारखीच जांभळी वाटली. "हे बरोबर, ते निळसर, ते काळपट," त्या म्हणाल्या. मग मला जिन्याखाली नेऊन ट्यूबच्या उजेडात तीच तीन रिळं दाखवली. तिथं त्यांनाही सांगता येईना. "दिवसाचा उजेड नसला तं फॉल जुळत नाई, बाई. अन् फॉल जुळला नाई तं माह्यापाशी कोण येईन?"

आता मला दोन गोष्टी हव्या होत्या : ऊन बाहेर, उजेड आत. आणि शनिवारच्या आत.

निघताना भाऊंनी दुकानातला एक पांढराशुभ्र सुती दुपट्टा माझ्या हातात ठेवला. "डोक्याले बांधल्याशिवाय बाहेर निघायचं नाई." एवढं सुंदर कापड घामात कसं भिजवायचं? मी तो घडी न मोडता बॅगेत ठेवला. मनात म्हटलं, बाबांना होईल.

अकोला, गुरुवार

सकाळी लॉजवर बसून नवा नकाशा काढला, पण सवयीनं पुन्हा छज्जाच काढला, फक्त जरा लांब. वंदनाताईंना दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"हे वरून हाय. संध्याकाळचं ऊन वरून येते का?"

"नाही."

"आमच्याकडं संत्र्याचं रोप लहान असलं, का त्याच्या पश्चिमेले तुराट्यांचा आडोसा उभा करतात. वरून नाई, बाजूनं. वरून केला तं रोप अंधारात मरते, अन् बाजूनं नाई केला तं उन्हात मरते."

तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. हे सांगून त्या पुन्हा मशीनवर बसल्या. मी त्यांच्या मागे उभी राहून छज्जा खोडला आणि उभ्या, तिरक्या पट्ट्या काढल्या. पश्चिमेला पाठ आणि उत्तरेला फट. अमरावतीला अशाच पट्ट्या बघून आले होते, त्यावर अहवालही लिहिला होता. तरी मोर्शीच्या संत्र्यांनी सांगेपर्यंत डोक्यात उजेड पडला नव्हता.

दुपारी दोन खिडक्यांपैकी वंदनाताईंच्या खिडकीबाहेर तट्टा टांगला; वरचं टोक काचेपासून हातभर दूर, खालचं आणखी पुढे ओढून गॅलरीच्या कठड्याला बांधलं. उत्तरेची बाजू उजेडासाठी मोकळी. आतला पडदा उघडा. दुसऱ्या खिडकीला नेहमीसारखा मरून पडदा. दोन्ही खिडक्यांच्या आत एकेक तापमापक. संध्याकाळी आकडे भाऊंना दाखवायचे, की झालं.

हे सगळं मी गॅलरीत, भर दोनच्या उन्हात, उघड्या डोक्यानं केलं. आत आले तेव्हा पुतळे दोन दिसत होते, दोन्ही दोन्हीकडून गुलाबी. कुणीतरी मला खाली बसवलं. भाऊ धावत आले.

"दुपट्टा कुठं हाय?"

"बॅगेत."

"बॅगेले लू लागून राहिली का?"

चक्कर येत असतानाही मला सगळं दुकान हसलेलं ऐकू आलं. एका हातात मीठ-साखरेचं पाणी, दुसऱ्या हातात कांदा आला. कांदा खायचा की खिशात ठेवायचा, ह्यावर दोन तट पडले. मी दोन्ही केलं. मग माझी रवानगी लॉजवर झाली. जाताना वंदनाताईंना विनवलं, की दर अर्ध्या तासानं दोन्ही आकडे लिहून ठेवा. "लिहितो न," त्या म्हणाल्या. "तू जा, नीज."

अकोला, शुक्रवार

सकाळी भाऊ माझी वाटच पाहत होते. हातात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याच्या पाठीवर वंदनाताईंच्या सुबक अक्षरातले आकडे.

"इंजिनीअर बाई," ते गोड आवाजात म्हणाले, "तुमचा तट्टा तं गरमी वाढवून राहिला."

मी पाहिलं. तट्ट्याच्या खिडकीपाशी जास्त, पडद्याच्या खिडकीपाशी कमी. चांगलं सात अंशांनी कमी. पुन्हा पाहिलं. खाणाखुणा, वेळा सगळं चोख. कॉलेजातली सगळी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. फी भरायला बाबांनी दुसऱ्या गावी जाऊन बांधलेले झाप आठवले.

"पडदा तं हायेच न," भाऊ पुढे म्हणाले. "त्यालेच दुपट्टा समजा."

"पडदा काचेच्या आत आहे, भाऊ," मी म्हटलं. आवाज रडवेला होता, पण शब्द आले. "तो दुपट्टा बॅगेतला."

भाऊ इतके हसले, की खालून दोघी वर बघायला आल्या. "बोलता बरं," ते डोळे पुसत म्हणाले. "पण आकडे काय म्हणून राहिले?"

तेवढ्यात मशीन थांबलं. वंदनाताई उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

"भाऊ, ते त्या पडद्याकडचं मशीन," त्या तापमापकाला मशीन म्हणत, "उन्हात लय तापून राहिलं होतं. हात लावला तं चटका. मले वाटलं, हे परक्याचं, नाजूक, फुटून-बिटून जाईन. म्हणून म्या त्याले ओलं फडकं गुंडाळलं. दर अर्ध्या तासानं फडकं ओलं करत होतो अन् आकडा लिहीत होतो."

मी पुठ्ठ्यावरचे आकडे पुन्हा पाहिले.

"अव माय," त्या हळूच म्हणाल्या, "तसं नव्हतं करायचं का?"

वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत ओल्या फडक्यातली वस्तू किती गार पडते, ते तिथल्या माठाला विचारावं. त्यांनी माझ्या तापमापकाचा माठ केला होता. ज्या कोपऱ्यासाठी ही सगळी खटपट, तो कोपरा त्यांनी स्वतःच, दर अर्ध्या तासानं, मायेनं, घालवत आणला होता. मला रागावता येईना. आमच्याकडे परक्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. हीच आमची सभ्यता. इथं परक्याची वस्तू उन्हात तापत ठेवणं असभ्यपणाचं होतं.

"मग आज पुन्हा मोजते," मी म्हटलं.

"मोजा," भाऊ म्हणाले. "पण आता तुमच्या आकड्यांचा मले भरोसा नाई. कधी फडकं, कधी चक्कर. उद्या सकाळी एसीचा मशीनवाला येऊन राहिला."

दिवसभर मी तापमापकांपाशी राखण केली. दुपट्टा मात्र बांधला होता. वंदनाताईंनीच बांधून दिला. कपाळ, कान, मान, एक पदर नाकावरून. डोळे तेवढे उघडे. वंदनाताईंना माझ्याकडे नीट बघवत नव्हतं. काम करता करता एकदाच म्हणाल्या, "जिन्याखाली एक मोठा बल्ब लावीन म्हणतो."

चार वाजले. दुसऱ्या खिडकीचा पडदा ओढला गेला. वंदनाताईंच्या खिडकीचा उघडाच. तट्ट्याच्या विणीतून बारीक बारीक ऊन जमिनीवर सांडलं होतं आणि उत्तरेकडून स्वच्छ पांढरा उजेड येत होता. त्या घरी जायला उठल्या नाहीत. जांभळी साडी उजेडात धरली, एक रीळ उचललं आणि मशीन सुरू केलं.

लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी वर आली. त्यांतली एक म्हातारी सगळ्या गाद्या ओलांडून थेट तट्ट्याच्या खिडकीपाशी येऊन बसली. "इथं आणा साड्या," ती म्हणाली. "इथं बरं हाय, अन् रंगही दिसते." मग मंडळी तिथं, म्हणून विकणाऱ्या मुली तिथं, म्हणून साड्यांचा ढीग तिथं. कच्चा चिवडा आला तोही तिथं. पडद्याच्या खिडकीपाशी राहिला फक्त पुतळा.

आरडाओरडा ऐकून भाऊ वर आले. "सारे एकाच कोपऱ्यात काहून जमले?" असं म्हणत गर्दीतून वाट काढत ते मशीनशेजारच्या स्टुलावर टेकले. म्हातारीशी दोन शब्द बोलले. चिवड्याची मूठ तोंडात टाकली. भिंतीला पाठ लावली.

मी साडेपाचचे आकडे लिहीत होते. मान वर केली, तर वंदनाताई ओठांवर बोट ठेवून मला खुणावत होत्या.

भाऊ झोपले होते. मान एका खांद्यावर, हातात चिवड्याचा उरलेला घास. पिकोचं मशीन कानाशी घरघरत होतं, लग्नाचा बस्ता उलगडत होता, आणि अकोल्याचं वैशाखातलं साडेपाचचं ऊन हातभर पलीकडे तट्ट्यावर धडका देत होतं. मला अमरावतीचे साहेब आठवले. मी वहीत आकडे लिहायचं थांबवलं. ह्याहून चांगला आकडा मला मिळणार नव्हता.

बस्ता झाला, मंडळी गेली, कुणीही त्यांना उठवलं नाही. सव्वासहाला ते आपणच जागे झाले. आधी हातातला चिवडा पाहिला, मग आम्हा सगळ्यांना.

"किती वेळ?"

"पाऊण तास," वंदनाताई म्हणाल्या.

भाऊंनी तट्ट्याकडे पाहिलं, मग बंद पडद्याकडे. उठले, तिकडे गेले, पडद्याला हात लावला आणि पटकन काढला.

"मशीनवाल्याले फोन करा," ते खाली ओरडले. "म्हणा, गॅलरी देत नाई. आहे ते जुनंच एसीचं मशीन दुरुस्त करून दे." आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या त्या पट्ट्या किती दिवसांत येतीन?"

वंदनाताईंनी मान खाली घालून दोरा ओवला. तीनदा ओवावा लागला.

अकोला, शनिवार

सकाळी शेजारच्या दुकानदाराला भाऊ समजावत होते, "अरे बाप्पा, पडदा म्हणजे बॅगेतला दुपट्टा. इमारतीले बाहेरून बांधावं लागते. मी तं पहिलेच म्हणून राहिलो होतो." मी अहवालाचा मसुदा दाखवला. त्यांनी तो मन लावून वाचला आणि एकच दुरुस्ती सुचवली. आता त्यात असं लिहिलं आहे : "दुकान पूर्वमुखी, खिडक्या पश्चिमेस."

दुपारी त्यांच्या घरी वरण-पानगे झाले. पळसाच्या पानात गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले. चौथा नको म्हटल्यावर भाऊंच्या घरच्यांनी जे तोंड केलं, त्यामुळे पाचवाही घ्यावा लागला.

निघताना वंदनाताईंना एक तापमापक ठेवायला दिला. पट्ट्या बसल्यावर फरक कळवा म्हटलं. "फडकं नाई गुंडाळत," त्यांनी डोळ्यांत पाणी आणून हसत शपथ घेतली.

गुहागरला गेले तेव्हा बाबा पहिल्या ओटीचे झाप बांधत होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, वर चढून दोरी आवळली आणि म्हणाले, "त्या बुरूड आजींना पदवी द्या तुमच्या कॉलेजात." पांढरा दुपट्टा मी त्यांना दिला. त्यांनी तो घडी न मोडता कपाटात ठेवला. आम्हा घरच्यांना ह्या गोष्टी उशिरानंच कळतात.

पट्ट्या बसून महिना झाला, तसा वंदनाताईंच्या मुलीच्या फोनवरून एक फोटो आला. खिडकीबाहेर उभ्या पट्ट्या, त्यांपैकी एकीवर वाळत घातलेला टॉवेल. आत मधोमध मशीन, आपल्या जागी. शेजारी खिळ्याला तापमापक टांगला होता. त्याला त्यांनी जांभळ्या कापडाचं गळ्यापर्यंत येणारं झबलं शिवलं होतं, कडेनं बारीक पिको. ओलं नव्हतं, हे खाली मुद्दाम लिहिलं होतं.

आकडा झबल्याच्या आत होता.